जुनी एमएक्स-५ घ्यायची आहे: १.८ की २.०?

शेफिल्डकर_सावंत
नमस्कार मंडळी,
बरीच वर्षं मनात घोळत होतं ते यंदा करायचं ठरवलंय. दोन सीटची, टप उघडणारी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी. नवीन परवडत नाही, त्यामुळे जुनीच. घरात रोजच्या वापराला एक हॅचबॅक आहे, त्यामुळे "मुलांना कुठे बसवणार?" हा प्रश्न कृपया इथे विचारू नये. तो घरी सविस्तर विचारून झाला आहे.

गाडी ठरली आहे: माझदा एमएक्स-५, तिसरी पिढी, म्हणजे २००५ ते २०१५ मधली, जिला सगळे एनसी म्हणतात. तिच्या आधीची एनबी दिसायला जास्त आवडते, पण धाकटा भाऊ हॅरोला राहतो आणि ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांना शुल्क लावणारा विभाग) अख्ख्या लंडनभर आहे. दर वेळी भावाला भेटायला साडेबारा पौंड भरायची इच्छा नाही.

अडलंय ते इंजिनावर. १.८ लिटरमध्ये १२४ बीएचपी, ५ गिअर. २.० मध्ये १५८ बीएचपी, आणि 'स्पोर्ट' आवृत्ती घेतली तर ६ गिअर. बजेट चार हजार पौंड, फार ताणलं तर साडेचार. एवढ्या पैशांत १.८ कमी चाललेली, नीट ठेवलेली दिसते. २.० मिळते, पण दोन-तीन मालक झालेली आणि मैल जास्त.

वापर: शनिवार-रविवार पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर, स्नेक पासचा घाट, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एम१ मोटरवेवरून हॅरो. ट्रॅकवर जायचं नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बंड्या_सदाशिव
अ‍ॅव्हरेज किती देते?
(दिवे घ्या, म्हणजे हलकंच घ्या)

खवचट_काकू
खुर्ची टाकून बसले आहे. या धाग्याची शंभरी भरणार.

वळणवाट
माझ्याकडे १.८ आहे, त्यामुळे माझं मत एकतर्फी धरा.

या गाडीचं वजन जेमतेम अकराशे किलो. तिच्यात १२४ बीएचपी म्हणजे कमी नाही, पण ते मिळवायला इंजिन फिरवावं लागतं. मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या खाली ती आळशी वाटते, पाचच्या वर जागी होते. मला तेच आवडतं. इथल्या गावाकडच्या रस्त्यांवर मर्यादा ताशी ६० मैल. १.८ मध्ये दुसरा गिअर पूर्ण खेचला की तुम्ही साठच्या आसपास पोचता. म्हणजे एका वळणातून दुसऱ्या वळणापर्यंत इंजिनाचा सगळा जीव वापरून पुन्हा कायद्यात राहता. २.० मध्ये तेवढी मजा घ्यायला गेलात तर लायसन्सवर दंडाचे गुण चढतात.

शिवाय १.८ ला १६ इंची चाकं. स्पोर्टच्या १७ इंची चाकांचे टायर महाग पडतात, आणि यॉर्कशरमधल्या खड्ड्यांवर पाठीचा मणका मोजून घेता येतो तो वेगळा.

मिलिंद_मँचेस्टर
वळणवाट यांच्याशी असहमत, आणि तेही जोरात.

"इंजिन फिरवायला मजा येते" हे वाक्य फक्त छोट्या इंजिनवाल्यांकडून ऐकू येतं. सावंत शेफिल्डहून मँचेस्टरकडे वुडहेड पासने एकदा तरी जातील. तिथे लॉरींची रांग, चढ, आणि ओव्हरटेकला मिळणारी जागा चिमूटभर. शून्य ते ताशी ६२ मैलांना १.८ ला साडेनऊ सेकंदांच्या आसपास लागतात, सहा गिअरच्या २.० ला साधारण आठ. कागदावर दीड सेकंद. समोरून गाडी येत असताना दीड सेकंद म्हणजे काय, ते ओव्हरटेक करणाऱ्याला विचारा.

दुसरं असं की डिकीवर लिहिलेला तो २.० म्हणजे नुसतं इंजिन नाही. स्पोर्टमध्ये त्याच्याबरोबर सहा गिअर आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एलएसडी) येतं. ओल्या रस्त्यावर घट्ट वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं फिरत राहत नाही. हे नंतर बसवायला गेलात तर गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा जाईल.

वळणवाट
ओल्या रस्त्यावर घट्ट वळणातून आतलं चाक फिरेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर दाबणारा माणूस ओव्हरटेकच्या सुरक्षिततेवर बोलतोय. नोंद घ्यावी.

मिलिंद_मँचेस्टर
:D मान्य. पण मुद्दा राहतोच.

गार्गी_आर
इंजिन-इंजिन खेळण्याआधी विम्याचे कोट काढा. नुसत्या "एमएक्स-५" चे नाही, विकायला असलेल्या नेमक्या गाडीचा नंबर टाकून. दोन इंजिनांत वर्षाला फार फरक पडत नाही असं मला दिसलं. पत्ता, वय आणि गाडी रात्री कुठे उभी राहते यानेच जास्त पडतो.

एक महत्त्वाचं: नो क्लेम बोनस एका वेळी एकाच गाडीला लागतो. तुमचा सगळा बोनस हॅचबॅकवर असेल, त्यामुळे दुसऱ्या गाडीला शून्यापासून सुरुवात. काही कंपन्या तोच बोनस दुसऱ्या गाडीला दाखवून देतात. फोन करून विचारायचं, वेबसाइटवर दिसत नाही. आणि आधीच्या मालकाने एक्झॉस्ट वगैरे बदललं असेल तर ते सांगायचं. लपवलंत आणि क्लेम आला तर हात वर करतील.

रोड टॅक्समध्ये १.८ एखाद-दोन बँड खाली बसते. एनसीला तो कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर ठरतो, सीसीवर नाही.

जुनं_ते_सोनं
सीसीचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. १ मार्च २००१ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांचा टॅक्स इथे सीसीवरच आहे: १५४९ पर्यंत एक दर, त्यावर दुसरा. पहिल्या पिढीच्या १.६ एमएक्स-५ चं इंजिन १५९७ सीसीचं. म्हणजे ४८ सीसीसाठी ती १.८ एवढाच टॅक्स भरते. "छोटं इंजिन, कमी टॅक्स" म्हणून जुनी १.६ घेणारे लोक मी पाहिले आहेत.

१.६ मध्ये आणखी एक खड्डा आहे. १९८९ मध्ये गाडी आली तेव्हा १.६ ला ११५ बीएचपी होती. मग १.८ आली. १९९५ पासून इंग्लंडमध्ये विकलेल्या १.६ ची ताकद ८८ बीएचपीवर आणून ठेवली, म्हणजे स्वस्त आवृत्ती म्हणून विकता यावी. डिकीवर आकडा तोच, जाहिरातीत "१.६, क्लासिक" तेच, आणि आत २७ घोडे गायब. त्यामुळे नुसता आकडा विचारू नका, साल विचारा.

बाकी माझ्या मते खरी एमएक्स-५ पहिलीच. उघडझाप होणाऱ्या दिव्यांची. पुढचं सगळं तडजोड.

शेफिल्डकर_सावंत
जुनं_ते_सोनं, ही ८८ ची भानगड माहीत नव्हती, धन्यवाद. पण यूलेझमुळे पहिल्या दोन पिढ्या माझ्यासाठी बाद.

गार्गी, कोट काढतो. मिलिंद, एलएसडीचा मुद्दा डोक्यात बसलाय.

बंड्या, अ‍ॅव्हरेज दोन्हींचं जवळपास सारखंच, १.८ गॅलनला दोन-तीन मैल जास्त देते म्हणतात. समाधान झालं?

बंड्या_सदाशिव
गॅलन म्हणजे किती लिटर ते सांगा, मग समाधान होतं का बघतो.

फ्रीमाँट_फडके
अमेरिकेतून माझे दोन पैसे. तुमचं भाग्य की तुम्हाला हा प्रश्न पडतो. इकडे हिला मियाटा म्हणतात आणि कंपनी निवड ठेवतच नाही. १९९४ पासून फक्त १.८, एनसीमध्ये फक्त २.०, आताच्या एनडीमध्येही फक्त २.०. छोटं इंजिन आम्ही चित्रात पाहतो.

उलट जपानमध्ये आताच्या नेहमीच्या कापडी टपाच्या गाडीला १.५ च मिळतं. ज्यांनी ती बनवली त्यांना हलक्या गाडीला दीड लिटर पुरेसं वाटतं, यात काहीतरी असावं.

वळणवाट
+१ फडके. हेच म्हणत होतो.

मिलिंद_मँचेस्टर
त्याच जपानी लोकांनी २०१८ मध्ये एनडीच्या २.० ची ताकद १५८ वरून १८१ बीएचपी केली आणि इंजिन साडेसात हजारांपर्यंत फिरू दिलं. दीड लिटर पुरेसं होतं तर ही उठाठेव कशाला?

वाघोबा_वोकिंग
तुम्ही लोक चार सिलिंडरवर भांडताय. थोडे पैसे घाला आणि पॉर्शे बॉक्स्टर घ्या. पहिल्या पिढीची ९८६ आता आवाक्यात आली आहे. २.५ ला २०४ घोडे, नंतरची २.७, आणि एस हवी तर ३.२, २५२ घोडे. सहा सिलिंडर पाठीमागे गात असतात. एकदा ऐकलंत की १.८ आणि २.० दोन्ही विसराल.

गॅरेजवाले_अण्णा
वाघोबा, गाडी आवाक्यात आली आहे, तिचे सुटे भाग आलेले नाहीत. त्या इंजिनात इंटरमिजिएट शाफ्टचं एक बेअरिंग असतं. ते गेलं तर इंजिन गेलं. सगळ्यांचं जात नाही, पण घेताना ते बदललंय का हे कागदावर बघायला हवं. २००९ मॉडेलपासून नवीन इंजिन आलं आणि तो शाफ्टच गेला. पण ती गाडी साडेचार हजारांत मिळणार नाही, मिळाली तर पळून जा.

साडेचार हजारांची पॉर्शे घेणाऱ्याने आणखी तेवढेच बाजूला ठेवावेत. सावंतांचं बजेट "ताणून साडेचार" आहे, "साडेचार अधिक साडेचार" नाही.

खवचट_काकू
"पाठीमागे गात असतात". आमच्या घरी हे काम आधीच कोणीतरी करतं.

आग्वाद_आंतोन
तुमचां चलूं द्या, पण स्पोर्ट्स कारचा धागा आणि गोव्याचं नाव नाही, हे बरोबर दिसत नाही. सान स्टॉर्म आठवते का कुणाला? दोन सीटची, उघडी, फायबरग्लासच्या बॉडीची, आमच्या गोव्यात बनायची. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ६० बीएचपी. निवड नाही, कटकट नाही. वेगाने कुठे जायचंच नाही, दोनापावल्याला जाऊन लोकांनी बघितलं की काम झालं.

बंड्या_सदाशिव
सान स्टॉर्म! कर्वे रोडला एक लाल दिसायची. सिग्नलला रिक्षावाले उतरून बघायचे.

आमच्याकडे माझदा म्हटलं की अजून स्वराज माझदाची शाळेची बसच आठवते. ती पण छान होती, खिडक्या कायम उघड्या.

पाषाणकर
अवांतर: परत येणार असाल तर ही गाडी पुण्याला आणता येईल का? ताम्हिणीत मजा येईल.

गार्गी_आर
नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको, उजव्या स्टिअरिंगची हवी, आणि उतरवायची मुंबई बंदरातच. वर ड्युटी इतकी की गाडीची किंमत किरकोळ वाटावी. २००८ ची एनसी पहिल्याच अटीवर बाद. इथेच वापरा, इथेच विका.

अनामिक_२७
टोयोटा एमआर२ घ्या. तिसऱ्या पिढीत इथे १.८ हे एकच इंजिन आलं. धाग्याची गरजच नाही.

गॅरेजवाले_अण्णा
एमआर२ छान आहे, पण तिला डिकी म्हणावी असं काही नाही. हॅरोला जाताना बॅग मांडीवर घ्यावी लागेल.

आता मूळ विषय. मी वुल्व्हरहॅम्प्टनला गॅरेजमध्ये आहे आणि एनसी नेहमी येतात, दोन्ही इंजिनांच्या. माझ्याकडे अजून कोणी "इंजिन छोटं पडलं" म्हणून गाडी टाकायला आलं नाही. गंजामुळे येतात.

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. दारांखालच्या सिल्स, मागच्या चाकाच्या पुढचा कोपरा, मागचे सस्पेन्शनचे आर्म आणि त्यांचे बोल्ट. गाडी लिफ्टवर घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. खाली ताजा काळा रंग मारलेला दिसला तर खूश होऊ नका, कधी मारला आणि का मारला ते विचारा. टपाच्या मागच्या कोपऱ्यांत पाणी जायला नळ्या असतात, त्या पानांनी तुंबतात आणि पाणी आत उतरतं. सीटच्या मागच्या कार्पेटखाली हात घाला. ओलं लागलं तर किंमत पाडा किंवा निघून या.

सरकारी साइटवर नंबर टाकला की जुन्या सगळ्या एमओटीचा (गाडीच्या वार्षिक सक्तीच्या तपासणीचा) इतिहास फुकट दिसतो. "गंज, अद्याप गंभीर नाही" असा शेरा तीन वर्षं लागोपाठ येऊन चौथ्या वर्षी अचानक गायब झाला, तर वेल्डिंग झालंय किंवा कोणीतरी रंग फासलाय. दोन्हींत फरक आहे. वेल्डिंगची पावती मागा.

इंजिनाचं बोलायचं तर दोन्हींत टायमिंग चेन आहे, आधीच्या पिढ्यांसारखा बेल्ट नाही, तो खर्च वाचला. दोन्ही एकाच कुटुंबातली इंजिनं. पण ऑइल खातात, विशेषतः खूप फिरवणाऱ्यांची. वळणवाट, हे तुमच्यासाठी. लोक सर्व्हिस ते सर्व्हिस डिपस्टिक काढत नाहीत, ऑइल खाली जातं, मग बेअरिंग. बघायला जाल तेव्हा इंजिन गार असताना डिपस्टिक आधी काढा. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर त्या मालकाबद्दल आणखी काही विचारायची गरज नाही.

२००९ च्या फेसलिफ्टनंतरच्या (मधल्या सुधारणेनंतरच्या) २.० मध्ये क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, फोर्ज्ड (ठोकून घडवलेला, जास्त मजबूत) आहे आणि इंजिन साडेसात हजारांपर्यंत जातं. तशी स्वच्छ मिळाली तर माझं मत तिला. पण तुमच्या बजेटमध्ये मिळेलच असं नाही.

वळणवाट
अण्णा, ऑइल दर दुसऱ्या पेट्रोलला बघतो. :)

टॉर्कमास्टर
सगळे बीएचपीवर बोलताय, टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, कोणीच सांगत नाही. १.८ ला १६७ न्यूटन मीटर, २.० ला १८८. म्हणजे टॉर्कमध्ये फरक साधारण १३ टक्के, ताकदीत मात्र २७ टक्के. याचा अर्थ असा की कमी फेऱ्यांवर, गावातून आणि ट्रॅफिकमधून चालवताना दोन्ही बऱ्यापैकी सारख्या वाटतील. २.० चा जास्तीचा जीव वरच्या फेऱ्यांत आहे. तेव्हा "२.० घेतली की गिअर कमी बदलावे लागतील" या आशेवर घेणाऱ्यांची थोडी निराशा होते. तीही फिरवावीच लागते.

मिलिंद_मँचेस्टर
हे पटलं. पण एम१ चा चढ पाचव्यात न कुरकुरता चढते, हे १३ टक्क्यांतच येतं.

रेचेल_पाटील
माझा नवरा असाच "फक्त इंजिनाबद्दल विचारतोय" म्हणायचा. घरी आलेल्या गाडीत दुमडणारं कडक टप निघालं. सावंत, तेही ठरवा. त्या यंत्रणेचं वजन पस्तीस-चाळीस किलो जास्त. हिवाळ्यात आणि मोटरवेवर फार बरं पडतं, कापड कोणी ब्लेडने फाडेल ही भीती नाही. पण १.८ मध्ये ते वजन जाणवतं. कडक टप हवं असेल तर २.०, कापडी चालत असेल तर १.८ चालून जाईल, असं मी म्हणेन. डिकी दोन्हींत तेवढीच, दीडशे लिटर. तांदळाचं १० किलोचं एक पोतं आणि बाजूला कोथिंबीर.

खवचट_काकू
रेचेलबाईंचा प्रतिसाद या धाग्यावरचा पहिला उपयोगी प्रतिसाद. अण्णांचा सोडून.

वाघोबा_वोकिंग
माझा पॉर्शेचा?

खवचट_काकू
तो करमणूक विभागात.

पाषाणकर
त्या एनसीमध्ये मोठ्या माझदा नाहीतर फोर्डमधलं २.५ इंजिन बसतं म्हणे. ते टाकलं तर वादच मिटला.

गॅरेजवाले_अण्णा
बसतं, लोक बसवतात, इंजिनं एकाच घराण्यातली आहेत. पण विमा कंपनीला कळवल्यावर गार्गीताईंचा कोटवाला प्रतिसाद पुन्हा वाचावा लागेल.

शेफिल्डकर_सावंत
मंडळी, बरेच दिवस उत्तर दिलं नाही, गाड्या बघत होतो.

आधी एका डीलरकडची २.० स्पोर्ट पाहिली. चालवायला झकास. मिलिंद, ओव्हरटेकचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, तिसऱ्यात सोडली की निघते. पण खाली सगळीकडे ताजा काळा रंग, आणि "केव्हा मारला?" विचारल्यावर विक्रेता हवामानावर बोलायला लागला. एमओटीच्या इतिहासात अण्णांनी सांगितलं तसंच, गंजाचे शेरे येतात आणि मग एकदम गायब. पावती नाही. सोडली.

मग चेस्टरफील्डला एका आजोबांची १.८, कापडी टप, २००७ ची. दरवर्षीच्या पावत्या फाइलमध्ये क्रमाने लावलेल्या. डिपस्टिक काढायला गेलो तर आजोबाच म्हणाले, सकाळी बघितलंय, तुम्हीही बघा. कार्पेट कोरडं. चालवली. वळणवाट म्हणतात तशी खाली आळशी आहे, पण गिअर टाकायला इतकं बरं वाटतं की बदलायला निमित्त मिळतं. एम१ वर थोडी नेली, रेडिओ मोठा करावा लागला.

सध्याचं गणित असं: १.८ चा विमा गार्गींच्या सल्ल्याने फोनवर बोलून बराच खाली आला, बोनस दुसऱ्या गाडीला दाखवला. आजोबांना किमतीत दोनशे कमी करा म्हटलं, त्यांनी शंभर केले आणि चहा दिला. दोन दिवसांत कळवतो म्हणालोय. तेवढ्यात लिंकनला एक २०१० ची २.० दिसली आहे, फेसलिफ्टनंतरची, अण्णा म्हणतात तसल्या क्रँकची. बजेटच्या तीनशे वर. उद्या बघायला चाललोय.

गॅरेजवाले_अण्णा
लिफ्टवर घ्या. मालक नाही म्हणाला तर तिथूनच चेस्टरफील्डला फोन करा.

मिलिंद_मँचेस्टर
लिंकन, लिंकन, लिंकन.

वळणवाट
दोन दिवस म्हणालाय ना? आजोबांना दुसरं गिऱ्हाईक मिळेल.

बंड्या_सदाशिव
गॅलन म्हणजे साडेचार लिटर. मीच शोधलं. समाधान झालं नाही.

फिरस्ता_नॉटिंगहॅम
सावंत, लिंकनची घेतलीत तर आजोबांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी चेस्टरफील्डपासून पाऊण तासावर आहे.